आयबीएमला सरकारने हाकललं नव्हतं, मग १९७८ मध्ये ती भारतातून गेली कशी?

परदेशी कंपन्यांचा विषय निघाला की सोशल मीडियावर दोन नावं हमखास येतात. कोका-कोला आणि आयबीएम. सोबत तिसरं नाव असतं जॉर्ज फर्नांडिस यांचं.

एक गट म्हणतो, "जॉर्जनी आयबीएमला हाकललं म्हणून आपली आयटी इंडस्ट्री उभी राहिली." दुसरा गट म्हणतो, "जॉर्जनी आयबीएमला हाकललं म्हणून आपण वीस वर्षं मागे पडलो."

गंमत म्हणजे दोन्ही गटांचं एका गोष्टीवर एकमत आहे. आयबीएमला हाकललं.

पण कागदोपत्री तसं काही झालंच नव्हतं. आयबीएमवर बंदी आली नव्हती. तिच्यासमोर एक अट ठेवण्यात आली होती. ती अट मान्य करायची की नाही, हे आयबीएमने ठरवलं. आणि तो कायदा जॉर्ज फर्नांडिस मंत्री होण्याच्या चार वर्षं आधीच संसदेने मंजूर केला होता.

मग नक्की झालं काय होतं?

आयबीएम भारतात आली कधी आणि करत काय होती?

आयबीएमने भारतात काम सुरू केलं १९५१ साली. तेव्हा कॉम्प्युटर हा शब्दही लोकांना माहीत नव्हता. कंपनीचा धंदा होता पंच कार्डवर चालणाऱ्या हिशोबाच्या यंत्रांचा. जाड कागदाचं कार्ड, त्यावर ८० रकाने, रकान्यांत भोकं पाडायची आणि ती भोकं यंत्राने वाचायची. पगारपत्रक, मालाचा साठा, बिलं अशी कामं त्यावर व्हायची.

पुढे कॉम्प्युटर आले. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे आयबीएमचा १४०१ हा कॉम्प्युटर बसला. १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएमचाच १६२० आला आणि त्यावर इंजिनिअरांच्या पिढ्या प्रोग्रॅमिंग शिकल्या. रेल्वेच्या वेगवेगळ्या विभागांनी १४०१ घेतले. आयुर्विमा महामंडळ, मोठे कारखाने, तेल कंपन्या अशी गिऱ्हाइकांची यादी वाढत गेली.

या १४०१ ची ताकद किती होती? खोलीभर पसरलेलं हे यंत्र जास्तीत जास्त १६ हजार अक्षरं स्मृतीत ठेवू शकायचं. म्हणजे हा एक लेख भरला की बाकी कशाला फारशी जागा उरली नसती. पण त्या काळात हजारो कर्मचाऱ्यांचा पगार त्यावर निघायचा.

१९६० ते १९७२ या काळात भारतात जेवढे कॉम्प्युटर बसले, त्यातले ७० टक्क्यांहून जास्त एकट्या आयबीएमचे होते. दुसऱ्या नंबरवर आयसीएल ही ब्रिटिश कंपनी होती, पण बरीच मागे.

मग भांडण कशावरून सुरू झालं?

आयबीएम आपले कॉम्प्युटर सहसा विकत नसे, भाड्याने द्यायची. यंत्र कंपनीच्या मालकीचं, दुरुस्ती कंपनीची, सुटे भाग कंपनीचे. गिऱ्हाईक दर महिन्याला भाडं भरणार.

यात वरवर पाहता गैर काही नव्हतं. जगभर आयबीएमचा धंदा असाच चालायचा. पण भारतात जी यंत्रं यायची त्यातली बरीचशी परदेशात आधी वापरून झालेली असायची. मुंबईच्या कारखान्यात ती उघडून, साफसूफ करून, दुरुस्त करून पुन्हा भाड्याने लावली जायची. १४०१ हे मॉडेल अमेरिकेत १९५९ मध्ये जाहीर झालं होतं. १९६४ मध्ये आयबीएमने तिथे सिस्टिम ३६० ही पुढची पिढी आणली, १९७० मध्ये सिस्टिम ३७० आली. भारतात मात्र १४०१ चं राज्य सुरूच होतं.

टीकाकारांचं म्हणणं सरळ होतं. ज्या यंत्राची किंमत परदेशात कधीच वसूल झाली आहे, त्याच यंत्राचं भाडं भारताने पुन्हा वर्षानुवर्षं का भरायचं? तेही परकीय चलनाची चणचण असताना? संसदेच्या लोकलेखा समितीने सत्तरच्या दशकात सरकारी खात्यांच्या संगणकीकरणाचा हिशोब तपासला, तेव्हा तिनेही जुनी यंत्रं आणि त्यावरचा नफा यावर कडक ताशेरे ओढले.

आयबीएमची बाजूही ऐकायला हवी. तिचं म्हणणं, भारतातल्या कामाला ही यंत्रं पुरेशी आहेत. नवं यंत्र आणलं तर परकीय चलन जास्त लागेल. जुनं इथेच दुरुस्त केलं तर कमी लागतं, शिवाय इथल्या लोकांना काम आणि प्रशिक्षण मिळतं. यातही तथ्य होतं. त्या काळात भारतात कॉम्प्युटर येणारे जे लोक होते, त्यातले कितीतरी आयबीएमच्या यंत्रांवर आणि आयबीएमच्याच माणसांकडून शिकलेले होते.

सरकारला कॉम्प्युटरची एवढी काळजी का होती?

याचं मूळ १९६२ च्या चीन युद्धात आहे. रडार, संदेशयंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स या सगळ्यात आपण परावलंबी आहोत, ही गोष्ट युद्धानंतर सरकारला बोचली. १९६३ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली. जानेवारी १९६६ मध्ये भाभांचा विमान अपघातात मृत्यू झाला. त्याच वर्षी समितीचा अहवाल आला. दहा वर्षांत इलेक्ट्रॉनिक्समध्ये स्वतःच्या पायावर उभं राहायचं, हा त्याचा गाभा होता.

१९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली. तिने कॉम्प्युटर बनवायला घेतले. १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचं वेगळं खातं झालं आणि पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक्स आयोग आला.

दुसरीकडे कामगार संघटना कॉम्प्युटरवरच चिडलेल्या होत्या. यंत्र आलं की नोकऱ्या जाणार, ही भीती होती. आयुर्विमा महामंडळात त्यावरून मोठं आंदोलन झालं. केंद्राने ऑटोमेशनचा अभ्यास करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. १९७२ मध्ये त्यांचा अहवाल आला.

थोडक्यात, कॉम्प्युटर हा तेव्हा फक्त धंद्याचा विषय नव्हता. संरक्षण, परकीय चलन आणि रोजगार अशा तीन दुखऱ्या नसा एकाच यंत्राला जोडलेल्या होत्या.

४० टक्क्यांची अट काय होती?

१९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने परकीय चलन नियमन कायदा आणला. लोक त्याला 'फेरा' म्हणायचे. १ जानेवारी १९७४ पासून तो लागू झाला.

त्यातल्या कलम २९ ने परदेशी कंपन्यांची झोप उडवली. भारतात धंदा करायचा असेल तर इथे भारतीय कंपनी काढा आणि तिच्यात परदेशी मालकी ४० टक्क्यांपर्यंत खाली आणा, असा त्याचा अर्थ होता. उरलेले ६० टक्के भारतीयांकडे.

अपवाद होते. प्रगत तंत्रज्ञान आणणाऱ्या किंवा भरपूर निर्यात करणाऱ्या कंपनीला ७४ टक्क्यांपर्यंत मालकी ठेवता येत होती. पण आयबीएमचं भारतातलं काम 'प्रगत तंत्रज्ञान' या व्याख्येत बसतं, हे सरकारला मान्य नव्हतं. परदेशात वापरून झालेली यंत्रं दुरुस्त करून भाड्याने देणं, हे प्रगत कसं?

आयबीएमचा प्रश्न वेगळाच होता. जगभर जिथे जिथे ती धंदा करायची, तिथे तिची मालकी शंभर टक्के असावी हा तिचा नियम होता. त्यामागे दोन कारणं होती.

पहिलं, तिचे कारखाने वेगवेगळ्या देशांत पसरलेले असले तरी ते एकाच यंत्रणेचे भाग होते. एका देशात एक भाग बनायचा, दुसऱ्या देशात दुसरा. मध्येच एखाद्या देशात भागीदार आला तर काय बनवायचं, कुठे पाठवायचं, कोणतं तंत्र कोणाला दाखवायचं, यात त्याचाही शब्द चालणार.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. भारताला ४० टक्के मान्य केलं, तर उद्या बाकीचे देशही तेच मागणार.

आणि भारताची बाजारपेठ किती मोठी होती? १९७७ मध्ये आयबीएमची जगभरातली उलाढाल सुमारे १८ अब्ज डॉलर होती. भारताचा वाटा त्यात नगण्य होता. एवढ्याशा धंद्यासाठी जगभरचा नियम मोडायला कंपनी तयार नव्हती.

तरी तिने मधला मार्ग सुचवला. धंद्याचे दोन भाग करू. गिऱ्हाइकांचा हिशोब करून देणाऱ्या डेटा सेंटरची वेगळी कंपनी काढू, तिच्यात आमची मालकी ४० टक्के. पण उत्पादन, निर्यात आणि यंत्रांची देखभाल हा भाग शंभर टक्के आमचाच राहील. सरकारने हा प्रस्ताव मान्य केला नाही. वाटाघाटी लांबत गेल्या.

मग जॉर्ज फर्नांडिस यांचा संबंध काय?

आणीबाणी उठली, मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं. मुंबईचे लढाऊ कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस त्या वर्षी जुलैमध्ये उद्योगमंत्री झाले.

कायदा जुना होता, पण तो वाकवायचा नाही ही भूमिका त्यांची होती. कोका-कोलालाही तेच सांगितलं गेलं आणि त्यांच्या बाबतीत पेयाच्या गुप्त सूत्राचाही वाद झाला. कोका-कोला निघून गेली. सरकारने तिच्या जागी 'डबल सेव्हन' म्हणजे '७७' नावाचं पेय काढलं. ते फार चाललं नाही. बाजार मारला तो पार्लेच्या थम्स अपने.

नोव्हेंबर १९७७ मध्ये आयबीएमने भारतातला धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १९७८ च्या मध्यापर्यंत ती बाहेर पडली.

म्हणजे फर्नांडिस यांनी दार बंद केलं नाही. दाराची चौकट आधीच ठरलेली होती, ती मोठी करायला त्यांनी नकार दिला. आणि आयबीएमने वाकून आत येण्यापेक्षा बाहेर जाणं पसंत केलं. २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर आदेश काढून बंदी घातली गेली, तसा हा प्रकार नव्हता.

बाकीच्या कंपन्यांनी काय केलं?

या गोष्टीतला हा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

आयसीएलसमोरही तीच अट होती. तिने ती मान्य केली, मालकी ४० टक्क्यांवर आणली आणि भारतात राहिली. तिची आयसीआयएम ही भारतीय कंपनी पुण्यात कॉम्प्युटर बनवत होती. आज पुण्यात मुख्यालय असलेली झेन्सार टेक्नॉलॉजीज ही त्याच झाडाची फांदी आहे.

बरोज या अमेरिकन कंपनीने टाटांशी हातमिळवणी केली आणि टाटा बरोज ही संयुक्त कंपनी उभी राहिली. पुढे नावं बदलत ती टाटा इन्फोटेक झाली आणि अखेर टीसीएसमध्ये सामील झाली.

म्हणजे अट सगळ्यांना सारखीच होती, उत्तरं वेगवेगळी होती.

आयबीएम गेली, मग तिच्या यंत्रांचं काय?

हा त्या वेळचा सगळ्यात अवघड प्रश्न होता. देशभर शेकडो ठिकाणी आयबीएमची यंत्रं चालू होती. रेल्वेचा हिशोब, कंपन्यांचे पगार, तेलाची बिलं त्यावर अवलंबून होती. एखादा भाग बिघडला आणि दुरुस्त करायला कोणी नसेल, तर महिन्याचा पगार थांबणार.

सरकारने याची तयारी आधीच करून ठेवली होती. डिसेंबर १९७५ मध्ये, म्हणजे आयबीएमने निर्णय जाहीर करण्याच्या जवळपास दोन वर्षं आधी, कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी स्थापन झाली होती. लोक तिला सीएमसी म्हणून ओळखतात. ऑक्टोबर १९७८ मध्ये तिने आठशेहून जास्त ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल हाती घेतली. आयबीएमच्या काही माजी कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल डेटा मॅनेजमेंट ही कंपनी काढली आणि डेटा सेंटरचं काम पुढे चालवलं.

सीएमसीला एक अडचण आली आणि त्या अडचणीतूनच फायदा झाला. तिला फक्त आयबीएमच नाही, तर इतर परदेशी कंपन्यांचीही यंत्रं सांभाळावी लागली. त्यामुळे तिच्या इंजिनिअरांना एकाच कंपनीची नाही, अनेक कंपन्यांची यंत्रं उघडून बघायला मिळाली. याच सीएमसीने १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण उभं केलं. आज फोनवरून तिकीट काढतो त्याची सुरुवात तिथली. २००१ मध्ये सीएमसी टाटांकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली.

म्हणजे आयबीएम गेली म्हणून आयटी आली?

एवढं सोपं नाही.

टीसीएस सुरू झाली १९६८ मध्ये, मुंबईत. परदेशासाठी सॉफ्टवेअरचं काम तिने १९७४ च्या सुमारास, बरोजच्या साथीने सुरू केलं. निर्यातीसाठी अंधेरीला सीप्झ १९७३ मध्येच उभं राहिलं होतं. एचसीएल १९७६ ची. या सगळ्या गोष्टी घडल्या तेव्हा आयबीएम भारतातच होती. त्यामुळे भारतीय आयटीचा जन्म आयबीएमच्या जाण्यातून झाला, हे तारखांत बसत नाही.

पण ती गेल्यामुळे जागा मोकळी झाली, हे खरं. १९७८ मध्ये सरकारने छोटे कॉम्प्युटर बनवायला खासगी कंपन्यांना वाट करून दिली. एचसीएल, डीसीएम डेटा प्रॉडक्ट्स, पुढे विप्रो अशा कंपन्या त्यात उतरल्या. त्याच वर्षी पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स सुरू झाली. तिथून बाहेर पडलेल्या सात इंजिनिअरांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची नोंदणी केली.

आणखी एक परिणाम हळूहळू दिसला. बाजारात एकाच कंपनीचं वर्चस्व नसल्यामुळे भारतीय प्रोग्रॅमर कोणा एकाच्या यंत्रात अडकले नाहीत. ऐंशीच्या दशकात इथल्या कंपन्यांनी युनिक्स ही वेगवेगळ्या यंत्रांवर चालणारी प्रणाली उचलली. एका कंपनीच्या यंत्रावरचं काम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर न्यायचं, हे कौशल्य परदेशात विकलं जात होतं. भारतीय कंपन्यांच्या सुरुवातीच्या निर्यातीत हे काम मोठं होतं.

मग तोटा झाला का?

झाला. तो लपवण्यात अर्थ नाही.

सरकारचं मूळ स्वप्न होतं कॉम्प्युटर बनवण्याचं. ते पूर्ण झालं नाही. ईसीआयएलने यंत्रं बनवली, पण जगाच्या वेगाशी तिला जुळवून घेता आलं नाही. आयबीएमच्या तोडीचा मोठा कॉम्प्युटर भारतात कधीच तयार झाला नाही. बाहेरून यंत्र आणायचं म्हटलं तर परवान्यांच्या फेऱ्यांत महिनोन्‌महिने जायचे, वर जबर आयातशुल्क. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सॉफ्टवेअर कंपन्यांची मोठी तक्रार हीच होती की काम आहे, माणसं आहेत, पण यंत्र नाही. म्हणून भारतीय प्रोग्रॅमर विमानात बसून परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे जाऊन काम करू लागले.

ही कोंडी फुटायला १९८४ चं संगणक धोरण यावं लागलं आणि १९९१ नंतर दारं खऱ्या अर्थाने उघडली.

म्हणून 'आयबीएम गेली आणि भारत जिंकला' हेही अर्धं, आणि 'आयबीएम गेली आणि भारत बुडाला' हेही अर्धं. यंत्रांच्या बाबतीत आपण मागे पडलो. माणसांच्या बाबतीत पुढे गेलो. कारण आयबीएमने यंत्रं आपल्या हिशोबाने आणली आणि गुंडाळली, पण ती यंत्रं चालवायला शिकलेली माणसं इथेच राहिली.

आणि आयबीएम परत आली तेव्हा?

१९९२ मध्ये आयबीएम भारतात परतली. कशी? टाटांसोबत संयुक्त कंपनी काढून. वाटा निम्मा-निम्मा.

ज्या कंपनीने १९७७ मध्ये भागीदार नको म्हणून देश सोडला, तीच पंधरा वर्षांनी भागीदार घेऊन आली. कारण तोवर बाजार बदलला होता आणि स्वतः आयबीएमही अडचणीत होती. पुढे १९९९ मध्ये टाटांनी आपला हिस्सा तिला विकला. फेरा कायदाही इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी जून २००० पासून सौम्य असा फेमा आला.

२०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की आयबीएमचे भारतात सुमारे १ लाख ३० हजार कर्मचारी आहेत. म्हणजे तिच्या स्वतःच्या देशात, अमेरिकेत, आहेत त्यापेक्षा जास्त.

१९७७ मध्ये भारत आयबीएमसाठी एक छोटं गिऱ्हाईक होता, सोडून दिला तरी चालेल असा. चाळीस वर्षांनी तिची सगळ्यात जास्त माणसं इथे काम करत होती.

त्यामुळे यापुढे एखादी परदेशी कंपनी भारत सोडून निघाली आणि तुमच्या ग्रुपवर 'हाकलली' विरुद्ध 'पळाली' असा वाद पेटला, तर चार गोष्टी तपासायला हरकत नाही. अट नक्की काय होती? ती बाकीच्यांनी मान्य केली का? तिच्या यंत्रांची, ग्राहकांची जबाबदारी कोण घेणार आहे? आणि तिने शिकवलेली माणसं उद्या कुठे कामाला लागणार आहेत?

आयबीएमच्या वेळी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरकारने दोन वर्षं आधीच तयार ठेवलं होतं. चौथ्याचं उत्तर मात्र तेव्हा कोणालाच दिसलं नव्हतं.